जीभ तासणारं प्रेम

शॉचं ‘पिग्मॅलियन’ नाटक १९१३ चं. त्यावरून हॉलिवूडनं १९६४ साली ‘माय फेअर लेडी’ काढला, पु. लं.नी १९७५ साली ‘ती फुलराणी’ केली. फुलं विकणाऱ्या पोरीची बोली प्रोफेसर ठोकून ठोकून ‘शुद्ध’ करतो. खुद्द शॉनं १९१६ साली लिहून ठेवलं, ती त्याच्याशी लग्न करत नाही. सिनेमानं तिला परत त्याच्याच घरात आणून सोडलं. तासली जीभ, वर प्रेमाचा शिक्का!

दोस्तहो, जळगाव-धुळ्याच्या शाळेत हाच खेळ चालतो. अहिराणीत ‘मना’ म्हटलं की वर्ग हसतो, ‘माझा’ म्हटलं की माणसात जमा. ज्यांनी आपल्याला पाणवठा नाकारला, त्यांच्याच तोंडची भाषा शुद्ध कशी? प्रेम असतं तर प्रोफेसर तिची बोली शिकला असता. जीभ गहाण टाकून मिळणारं असलं प्रेम आपल्याला नको.