गाडी लातूरलाच का संपावी?

मुंबईच्या प्रवासाची अखेरची सकाळ मराठी गद्यात पुष्कळदा येऊन गेली आहे. बोरघाट उतरला, कल्याण मागे पडले, ठाण्याला माणसे दाराशी गोळा झाली, दादरला निम्मा डबा रिकामा झाला, की लेखक शहराविषयी काहीतरी गंभीर बोलतो आणि लेख संपतो. त्या सकाळी कोण आपल्या बर्थवरून उठले आणि कोण दोन बाकांमधल्या जागेत चादर अंथरून रात्र काढून उठले, याची नोंद मात्र सहसा नसते. आम्हा बीदर-कलबुर्गीकडच्या मराठी माणसांना त्या नोंदीत अधिक रस आहे. परळच्या रुग्णालयात तपासणीसाठी निघालेला वृद्ध, परीक्षेला निघालेली मुलगी, नोकरीच्या मुलाखतीला निघालेला तरुण यांनी शहरात कोणत्या अवस्थेत उतरायचे, हे गाडी कोठून सुटते यावरच बव्हंशी ठरून गेलेले असते.

म्हणून २०१७ सालचे प्रकरण आम्ही विसरू शकत नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुंबई-लातूर एक्स्प्रेस बीदरपर्यंत वाढवण्यात आली. लातुरात तीव्र निषेध झाला, आंदोलन झाले. बीदरने लातूरची गाडी पळवली असा सूर लागला. पुढे आठवड्याच्या दिवसांची वाटणी झाली: काही दिवस गाडी बीदरपर्यंत, उरलेले दिवस लातूरपर्यंतच.

लातूरकरांची अडचण खोटी होती, असे आम्ही म्हणत नाही. गाडी लातूरलाच भरत होती. शिक्षणासाठी नावाजलेले शहर, मोठी बाजारपेठ आणि मुंबईला रात्रीतून नेणारी हक्काची एक गाडी. तिच्या जागांत नवा वाटेकरी आला की माणूस चिडणारच. परंतु डबे कमी आहेत, गाड्या कमी आहेत, ही तक्रार रेल्वे खात्याकडे करावयाची असते. ती पुढच्या गावाविरुद्ध केली गेली, येथे आमचा आक्षेप आहे. जागा अपुऱ्या म्हणून पुढच्या गावाला गाडीच नको, हा न्याय मानला तर लातूरची गाडी बार्शीला थांबवावी असे बार्शीकर म्हणू शकतात, आणि बार्शीची कुर्डुवाडीला थांबवावी असे कुर्डुवाडीकर.

लातूरला रूळ संपतात, ही समजूत जुनी आहे आणि तिला कारणही आहे. मिरजेहून निघणारी बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी खरोखरच लातूरला संपत असे. आमच्याकडचा लोहमार्ग निराळा, निजामाच्या राजवटीत विकाराबादहून बीदर, भालकी, उदगीर करीत परळीला गेलेला. आमच्या आजोबांचे शहर होते हैदराबाद. १९५६ नंतर राजधानी झाली बंगळूर, बीदरपासून सुमारे ७०० किलोमीटर. मुंबईला जायचे तर बसने सोलापूर किंवा गुलबर्गा गाठून, तेथे मद्रासकडून आलेल्या गाडीत मिळेल तेथे शिरावे लागे. ब्रॉडगेज लातूरला पोहोचल्यावर हे दोन जुने मार्ग एकमेकांशी जोडले गेले. बीदरची गाडी थेट मुंबईला जाणे ही त्या जोडणीची सरळ फलश्रुती होती. त्यात पळवापळवी कोठून आली, हे आम्हांला आजतागायत उमगलेले नाही.

आणि उदगीरचे काय? उदगीर लातूर जिल्ह्यातलेच. गाडी बीदरला जाते तेव्हा ती उदगीरलाही जाते. म्हणजे राज्याच्या सीमेचा प्रश्नच येथे नव्हता. स्वतःच्या जिल्ह्यातल्या गावालाही ती गाडी मिळू नये, असा या मागणीचा अर्थ होत होता. १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. रेषा ओढली गेली आणि ते तिकडे गेले, भालकी-हुमनाबाद इकडे राहिले. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये झाला. पण 'कुठं जाऊलालाव?' हा प्रश्न उदगीरच्या आणि भालकीच्या फलाटावर आजही एकाच हेलात विचारला जातो. दादरला उतरणाऱ्या गर्दीत या दोघांपैकी महाराष्ट्रातला कोण, हे मुंबईच्या कानाला ओळखता येणार नाही.

महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात सीमेचा दावा दाखल केला. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो, त्यांत आमच्या बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतलीही गावे आहेत. त्या दाव्याचे जे व्हायचे ते होईल; त्यावर येथे मत देण्याचे प्रयोजन नाही. व्यासपीठावरून सीमाभागातल्या बांधवांचा कळवळा ऐकताना मात्र आम्हांला २०१७ ची आठवण होते. गावे हवीत आणि गावातला प्रवासी डब्यात नको, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात? आमच्या बाजूला असा हिशोब कोणी मांडलेला नाही. गाणगापूर रोड स्थानकावर पौर्णिमेला महाराष्ट्रातून दत्तभक्तांची रीघ लागते, माणिकनगरच्या दत्तजयंतीला तिकडून माणसे येतात. कर्नाटकातल्या गाड्यांत त्यांनी जागा अडवली, असे आमच्या कानी कधी आले नाही.

लातूरला तर आणखी एक गोष्ट ठाऊक असावयास हवी होती. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून कृष्णेचे पाणी भरून रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मिरजेच्या लोकांनी आधी आमचे भागवा, मग रूळ पुढे न्या, असे म्हटले असते तर?

कोणी म्हणेल, २९ ऑक्टोबर २०१७ रोजी बीदर-कलबुर्गी मार्गाचे उद्घाटन झाले, आता तुम्हांला सोलापूरवरून मुंबई मोकळी आहे. मार्ग झाला याचा आनंद आम्हांलाही आहे. हुमनाबादकरांनी त्यासाठी किती वर्षे वाट पाहिली ते आम्ही जाणतो. पण कलबुर्गीला उतरून, आजारी माणसाला हाताला धरून, चेन्नई-बंगळूर-हैदराबादकडून आधीच भरून आलेल्या गाडीत जागा शोधणे म्हणजे थेट गाडी नव्हे. मधल्या स्थानकाच्या वाट्याला आरक्षणाचे किती बर्थ येतात, हे त्या रांगेत उभा राहिलेला प्रत्येक जण सांगेल.

मागणी एकच आहे: लातूरची गाडी लातूरला रोज आणि बीदरची बीदरहून रोज, दोहोंना पुरेसे डबे. अर्ज लातूर, उदगीर, भालकी आणि बीदर या चारही गावांचा मिळून एकच असावा, मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेला. त्यावर लातूरची सही पहिली असली तरी आमची हरकत नाही.