गोळी एकाएकीं कां सोडूं नये?

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनीं छातींतील कळ थांबली म्हणून रोजची गोळी आपण होऊन बंद केली, आणि चारच दिवसांत त्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें. "बरें वाटूं लागल्यावर औषध सोडलें, यांत आमचें चुकलें काय?" असें ते आम्हांस विचारीत होते. या प्रश्नाचें उत्तर त्या औषधाच्या घडणींतच आहे.

तें औषध प्रोप्रानोलोल. भय वा श्रम यांच्या समयीं शरीरांत ॲड्रिनलिन नामक रस स्रवतो, आणि हृदयाच्या पेशींवरील 'बीटा' ग्राहकांस चिकटून हृदयाची गति वाढवितो. दुखऱ्या हृदयास अधिक रक्त पुरविण्यापेक्षां त्याची प्राणवायूची गरजच कमी करावी, असा विचार जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानें केला. त्याच्या पहिल्या औषधानें उंदरांस गांठी होऊं लागल्या, म्हणून तें टाकावें लागलें. पुढें १९६४ च्या सुमारास प्रोप्रानोलोल सिद्ध झालें. १९८८ सालीं ब्लॅक यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

याची रचना मोठी कौतुकाची आहे. ॲड्रिनलिनच्या अणुसमूहास कर्बाचें एक कडें व नत्रयुक्त शेपूट असतें. प्रोप्रानोलोलचें शेपूट बरेंचसें तसेंच; मात्र पुढें, डांबरगोळीच्या नॅफ्थलिनप्रमाणें, दोन जोडकडीं. व्याकरणांतील आदेश मूळ वर्णाची जागा घेऊन त्याचें कार्यहि करितो. हा आदेश जागा तेवढी घेतो, कार्य करीत नाहीं. ॲड्रिनलिन दाराशींच थांबतें व हृदय शांत चालतें.

परंतु दारें अडलेलीं पाहून शरीर हळूहळू नवीं दारें निर्माण करितें. अशा वेळीं गोळी एकाएकीं थांबली, तर पूर्वींहून अधिक दारें ॲड्रिनलिनास एकदम मोकळीं सांपडतात. म्हणूनच ही मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीं क्रमाक्रमानें उतरवावी लागते.

अर्धशिशी टाळण्यास व हातांच्या कंपासहि ही गोळी देतात. तेव्हां "आम्हांस गुण आला, तुम्हीहि घेऊन पाहा" म्हणून शेजारीं देण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें टाळावा. श्वासनलिकांवरहि बीटा ग्राहक असतात. ते अडले म्हणजे दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. मधुमेह्याची साखर एकाएकीं उतरली, तर धडधड व थरथर या सूचना ही गोळी झांकून टाकते.

आमचे स्नेही आतां सुखरूप घरीं आहेत. गोळ्यांची डबी त्यांनीं सूनबाईंच्या स्वाधीन केली आहे, आणि ती संपण्यापूर्वीं आठ दिवस आधीं नवी आणावयाची, असा घरांत नेम झाला आहे. हा नेम प्रत्येक घरानें उचलण्याजोगा आहे.