प्रोसेसरचा ताप आणि कूलरचे गणित

सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी रेंगाळू लागतो, ही उन्हाळ्यातील नेहमीची तक्रार. व्हायरस शिरला असावा असे धरून बरेच जण विंडोज नव्याने टाकून घेतात, काही जण रॅम वाढवतात. प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी हे दोन्ही उपाय झाल्यावर कॅबिनेट उघडले, तेव्हा प्रोसेसरवरील पंख्याखाली धुळीची गादी सापडली. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की आजचा प्रोसेसर स्वत:च वेग उतरवतो. वापरणाऱ्याला दिसतो तो फक्त संथपणा.

पूर्वी ही सोय सर्वच प्रोसेसरांत नव्हती. टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने २००१ साली चालू संगणकांवरील हीटसिंक काढून पाहिला. इंटेलचा पेंटियम ४ नुसता मंदावला, एएमडीचा अ‍ॅथलॉन मात्र क्षणार्धात जळाला. पुढे २००४ मध्ये आलेल्या ‘प्रेस्कॉट’ पेंटियमच्या ११५ वॅटवर जाणकारांनी नाके मुरडली होती. २०२२ सालच्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरच्या कमाल शक्तीची अधिकृत मर्यादा २५३ वॅट आहे! ही सगळी उष्णता काही चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यातून बाहेर काढायची असते.

त्यासाठी ग्राहकापुढे मुख्यत: दोन मार्ग असतात. पहिला, प्रोसेसरच्या खोक्यात मिळणारा ठेंगणा कूलर. रायझन ५ ५६०० बरोबर येणारा ‘रेथ स्टेल्थ’ हा अ‍ॅल्युमिनियमचा कूलर ६५ वॅट श्रेणीसाठी आहे आणि कार्यालयीन कामाला तो पुरतो. इंटेलने २०१५ पासून ‘के’ मालिकेच्या मुख्य डेस्कटॉप प्रोसेसरांसोबत कूलर देणेच थांबवले, त्यामुळे तेथे वेगळी खरेदी अटळ आहे.

दुसरा मार्ग उभ्या ‘टॉवर’ कूलरचा. यात तांब्याच्या बंद नळ्या असतात आणि नळीत थोडेसे पाणी. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती वरच्या पातळ पत्र्यांपाशी जाऊन निवते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून पाणी पुन्हा खाली येते. पत्र्यांमधली उष्णता उडवून लावण्याचे काम पंख्याचे. कूलर मास्टरच्या ‘हायपर २१२’ने हा प्रकार मध्यमवर्गीय खिशाला परवडेल असा केला. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा ‘एनएच-डी१५’ २०१४ साली आला : सहा नळ्या, १४० मिलिमीटरचे दोन पंखे, वजन १ किलो ३२० ग्रॅम. अनेक वर्षे त्याच्याच मापाने इतरांना मोजले जाई. मग तैवानच्या थर्मलराइटने ‘पिअरलेस असॅसिन १२० एसई’ आणला. यातही सहा नळ्या आणि दोन पंखे, पण १२० मिलिमीटरचे. पाश्चात्त्य परीक्षकांच्या चाचण्यांत तो नॉक्टुआच्या अगदी जवळ पोहोचला, तोही निम्म्याहून कमी किमतीत.

मग नॉक्टुआचे जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यत: शांततेचे, सहा वर्षांच्या वॉरंटीचे आणि नवा सॉकेट आल्यास बहुधा विनामूल्य मिळणाऱ्या जोडसाहित्याचे. युरोपातील निवांत घरात शांततेला मोल असेल. डोक्यावर सीलिंग फॅन गरगरत असताना आणि खिडकीखाली रिक्षा फटफटत असताना त्या मोलाचा विचार ज्याचा त्याने करावा.

खरी मेख वेगळीच आहे. कूलर किती का महाग असेना, तो प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पंपाने पाणी फिरवणाऱ्या लिक्विड कूलरलाही हे बंधन चुकलेले नाही. त्यामुळे चाचणीतील आकडा वाचताना खोलीचे तापमान पाहावे. समजा २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिरावला. म्हणजे तो हवेपेक्षा ५० अंश वर आहे. तोच कूलर मे महिन्यात नागपुरातील ४० अंशांच्या खोलीत ठेवला, तर ढोबळ मानाने ९० अंश होतात. रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे. उरलेल्या पाच अंशांत कॅबिनेटमधील कोंडलेली हवा आणि ग्राफिक्स कार्डाचा उच्छ्वासही सामावायचा आहे.

कूलरच्या खोक्यावर छापलेल्या ‘२५० वॅट’सारख्या आकड्यावर त्यामुळे फार विसंबू नये. तो मोजण्याची सर्व कंपन्यांना बांधील अशी एकच पद्धत नाही. नॉक्टुआ तर असा वॅटचा आकडा देण्याचेच टाळते. त्याऐवजी दोन कूलरांची तुलना एकाच प्रोसेसरवर, सारख्या वॅटला आणि सारख्या आवाजाला झाली आहे का, ते पाहावे.

लॅमिंग्टन रोडवर जाण्यापूर्वी कॅबिनेटची आतली रुंदी मोजायला विसरू नये. पिअरलेस असॅसिन १५५ मिलिमीटर उंच आहे, एनएच-डी१५ १६५. अरुंद कॅबिनेटचे झाकण दहा मिलिमीटरसाठीही अडते.

काही वेळा खरेदीची गरजच नसते. रायझन ७००० मध्ये ‘इको मोड’ लावून वीजवापर उतरवता येतो. वेग त्या प्रमाणात घटत नाही. वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे आणि दर तीन-चार महिन्यांनी धूळ काढणे, हे त्याहून जुने उपाय. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते.