मिनिटाचा डाव

वाचकहो, “मुलगा तासन्‌तास भ्रमणध्वनीवर बुद्धिबळ खेळतो, हा अभ्यास समजावा की व्यसन?” असा प्रश्न एका मातेने आम्हांस केला आहे. त्यास हो-नाहीचे उत्तर देण्याऐवजी केरळातील त्रिशूरच्या निहाल सरीनची हकीगत सांगावी, असे वाटते.

निहालचा जन्म २००४ सालचा. खेळाची ओळख आजोबांनी करून दिली. २०१४ मध्ये डर्बन येथे दहा वर्षांखालील मुलांचे जगज्जेतेपद आणि २०१८ मध्ये, वयाची चौदा वर्षे नुकतीच पुरी होत असता, ग्रँडमास्टर हा किताब. ही झाली पटावरची प्रगती. परंतु जगभरच्या रसिकांना तो विशेष परिचित झाला, तो संगणकाच्या पडद्यावरून. २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने इंटरनेटवरील ‘ज्युनियर स्पीड’ स्पर्धा जिंकली; दुसऱ्या खेपेस अंतिम लढतीतील त्याचा प्रतिस्पर्धी होता आपल्या नागपूरचा रौनक साधवानी. या स्पर्धेत प्रथम पाच, मग तीन आणि शेवटी अवघ्या एका मिनिटाचे डाव सलग खेळावे लागतात. प्रतिपक्षाची खेळी होण्यापूर्वीच आपले उत्तर नोंदवून ठेवण्याची सोयही संगणकावर असते. तिच्यासाठी मराठी प्रतिशब्द शोधताना आम्हांस ‘आगाऊ खेळी’ सुचला. ‘आगाऊ’चा दुसरा अर्थही येथे अगदीच गैरलागू नाही!

तथापि निहालची खरी शक्ती बोटांच्या चपळाईत आहे, असे आम्हांस वाटत नाही. घाईच्या डावात बहुतेक खेळाडू राजावर तुटून पडतात. निहाल मात्र वजीर व इतर मोहरी मारामारीत काढून टाकून, एखाद्या प्याद्याच्या किंचित लाभावर डावाची अखेर शांतपणे रेटतो. स्थिती बिघडली तरी तो चिवटपणे तग धरतो. काही सेकंद शिल्लक असताना असा संयम राखणे फार थोड्यांस साधते.

या माध्यमाचा एक कटू अनुभवही त्याच्या वाट्यास आला. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत भारत रशियाशी झुंजत होता. पहिली फेरी ३–३ अशी बरोबरीत सुटली होती. दुसऱ्या फेरीत अकस्मात इंटरनेटची जोडणी तुटली. पडद्यावरचे घड्याळ काही थांबले नाही, आणि निहाल व नागपूरची दिव्या देशमुख या दोघांचे डाव वेळ संपून गेले. भारताने दाद मागितली व अखेर उभय देशांस संयुक्त विजेते घोषित करण्यात आले.

आता मूळ शंकेकडे वळू. जलद खेळाने पहिली सुचेल ती खेळी करण्याची सवय हातास जडते, ही भीती खोटी नाही. निहालने तिला उत्तर दिले ते २०२२ साली महाबलीपुरमच्या ऑलिंपियाडमध्ये. तेथे पहिल्या ४० खेळ्यांना प्रत्येकी ९० मिनिटे, शिवाय दर खेळीमागे ३० सेकंद असत. भारताच्या ‘ब’ संघाकडून दुसऱ्या पटावर त्याने १० डावांत साडेसात गुण मिळवून वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. संघास कांस्यपदक लाभले.

तेव्हा ताई, भ्रमणध्वनी हिसकावून घेण्याची घाई नको. आज सायंकाळी घरातला लाकडी पट काढा आणि चिरंजीवांना एवढेच सांगा: “काल हरलेला डाव मांडून दाखव, आणि कुठे चुकलास तेही.” तो मांडू शकला की नाही, ते आम्हांस अवश्य कळवावे.