खेळ त्यांचा, जागरण घरच्यांचं

दिवाळीला माझी भाचेसून एकटीच आली. भाचा पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. "सुट्टी नाही का गं मिळाली त्याला?" मी सहज विचारलं. "सुट्टी कसली मावशी! गेम रिलीजला आलाय. दोन महिने झाले, तो घरी फक्त झोपायला येतो," असं म्हणाली आणि फराळाची बशी तशीच ठेवून पोर रडायलाच लागली.

आम्ही बायका सल्ले द्यायला तयारच! "अगं, पगार बघ ना किती," "कामाचा माणूस आहे, घरी बसून असता म्हणजे?" त्यातला एक सल्ला माझाही होता. आज त्याची लाज वाटते.

या दिवसांना त्या धंद्यात 'क्रंच' म्हणतात, हे तिनेच सांगितलं. गेमची तारीख आधीच जाहीर झालेली असते. बऱ्याचदा ती नाताळच्या खरेदीवर डोळा ठेवून ठरवलेली. मधेच साहेबांना नवं काहीतरी सुचतं, शेवटी शेवटी चुका सापडतात. तारीख हलत नाही, माणसं वाढत नाहीत. मग वाढवायचे ते तास! पगार महिन्याचा, त्यामुळे जादा तासांचा हिशेबच नाही.

हे दुखणं आजचं नाही, बरं का. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत एका बाईने नाव न सांगता इंटरनेटवर एक पत्र लिहिलं होतं. तिचा होणारा नवरा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीत होता. आधी आठ तास, मग बारा, मग सकाळी नऊ ते रात्री दहा, तेही आठवड्याचे सातही दिवस. अधूनमधून शनिवारची संध्याकाळ मोकळी मिळाली तर मिळाली. जादा पैसे नाहीत, बदली रजा नाही. एरिन हॉफमन हे तिचं नाव पुढे २००६ मध्ये जाहीर झालं. त्याच सुमारास कर्मचारी कोर्टात गेले होते आणि कंपनीला चित्रकारांसाठी १ कोटी ५६ लाख डॉलर, तर प्रोग्रामरांसाठी १ कोटी ४९ लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली.

जानेवारी २०१० मध्ये रॉकस्टार कंपनीच्या सॅन डिएगोतल्या कर्मचाऱ्यांच्या बायकांनी मिळून असंच जाहीर पत्र लिहिलं. नवऱ्यांची तब्येत ढासळतेय, घरं विस्कटताहेत, असं त्यांचं म्हणणं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २०१९ मध्ये सक्तीचा क्रंच टाळू म्हणून सांगितलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा लावलाच!

मला या सगळ्यात एक गोष्ट फार बोलकी वाटते. दोन्ही पत्रं घरच्या बायकांनी लिहिली. बरोबरच आहे. नोकरी धोक्यात येईल म्हणून तो बोलत नाही. आणि ऑफिसच्या चौदा तासांचं ओझं शेवटी कुणाच्या अंगावर पडतं? रात्री एकला आमटी गरम करणारीच्या, तापाने फणफणलेलं पोर एकटीने डॉक्टरकडे नेणारीच्या. तिचं नाव कुठल्याच पगारपत्रकावर नसतं.

आणि तिथे काम करणाऱ्या मुलीचं काय? तिच्यासाठी डबा करून ठेवणारी 'बायको' घरी नसते. म्हणजे चौदा तास बसेल तोच खरा कामाचा, असं ठरलं की मूल झाल्यावर ती आपोआप बाहेर. कुणी काढलं नाही, तिलाच जमलं नाही, असं म्हणायला मोकळे!

कुणी म्हणेल, हंगामात राबावं लागतंच. लग्नघरात आपण नाही का रात्र रात्र जागत? जागतो. पण वरात निघाली की जागरण संपतं. साखर कारखान्याचाही हंगाम उरकतो आणि तिथल्या कामगाराला जादा तासांची दुप्पट मजुरी कायद्याने मिळते. इथे एक गेम संपला की दुसरा उभा, आणि वर ऐकवायचं, "आवडीचं काम आहे ना?" आवड आहे म्हणून माणूस फुकट राबवायचा का?

मैत्रिणींनो, आपली मुलं पुण्या-बंगळुरूला असतात आणि आपण चारचौघींत कौतुकाने सांगतो, "त्याला बाई फोनवर बोलायलासुद्धा वेळ नसतो!" हे कौतुक आता पुरे. 'जेवलास का'च्या जोडीला 'किती वाजता सुटलास' हेही विचारू या. सून रडली तर तिला पगाराचा आकडा ऐकवू नका.

मी परवा भाच्याला फोन केला. विचारलं, "या महिन्यात किती रविवार घरी होतास रे?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."