पाळी गेल्यावरचा एक डागही सांगा

पाळी जाऊन चार-पाच वर्षे झालेल्या बाईला एखाद्या दिवशी कपड्यावर डाग दिसतो. उष्णतेने झाले असेल म्हणून ती सब्जाचे पाणी पिते आणि गप्प राहते. दोन महिन्यांनी पुन्हा डाग, पुन्हा सब्जा. या गप्प राहण्यातच आजाराला वेळ मिळतो.

आपण सरसकट 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतो, पण त्यात दोन वेगळे आजार येतात. एक गर्भाशयाच्या मुखाचा, दुसरा आतल्या अस्तराचा. पॅप तपासणी मुखासाठी असते. ती नॉर्मल आली म्हणून अस्तरही ठीक आहे, असे समजू नये. अस्तराच्या कॅन्सरसाठी निरोगी स्त्रियांची सरसकट चाळणी करणारी तपासणी नाही. लक्षण ओळखणे हीच पहिली तपासणी.

ते लक्षण सुदैवाने लवकर दिसते. पाळी बंद होऊन सलग बारा महिने लोटल्यावर झालेला कोणताही रक्तस्राव, मग तो गुलाबी डाग का असेना, डॉक्टरांना सांगायलाच हवा. पाळी चालू असेल तर दोन पाळ्यांमध्ये अंगावरून जाणे किंवा चाळिशीनंतर स्राव अचानक वाढणे, हेही दाखवावे. लठ्ठपणा, मधुमेह, पीसीओएस, स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी किंवा घरात गर्भाशयाच्या वा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास असेल, तर अधिक सावध राहावे.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या शंभर जणींपैकी साधारण नऊ जणींनाच कॅन्सर निघतो. बाकीच्यांत अस्तर पातळ होणे, पॉलिप अशी कारणे असतात. पण त्या नऊ कोण, हे घरी बसून कळत नाही. त्यासाठी सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहतात आणि गरज वाटल्यास अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. आजार गर्भाशयापुरता असतानाच सापडला, तर बहुतेक जणी शस्त्रक्रियेने बऱ्या होतात.

भीतीचे काय होते, हे बीडने दाखवले आहे. २०१९ मध्ये तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. कोणते लक्षण धोक्याचे आणि कोणते औषधाने बरे होणारे, हे माहीत नसले की एक बाई डाग लपवते आणि दुसरी नको असताना पिशवी गमावते. म्हणून तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय 'पिशवी काढून टाका' हा सल्ला ऐकू नये. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

पुण्यात तपासणीची सोय दूर नाही. ससून आहे, महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आहे. अडते ते बोलण्यापाशी. साठीतल्या कितीतरी बायका साखर आणि बीपी तपासायला नेमाने दवाखान्यात जातात. तिथे फॅमिली डॉक्टरांनी आपणहून एक प्रश्न विचारावा : 'पाळी गेल्यावर कधी डाग पडला का?' स्त्रीरोगतज्ज्ञांची पायरी चढायला लाजणारी बाई या प्रश्नाला उत्तर देईल.

आणि हाच प्रश्न घरी मुलीने आईला, सुनेने सासूबाईंना विचारला, तर डॉक्टरांची वाट पाहायचीही गरज नाही.