पुढच्या ब्रेकला भिऊ नका!

विद्यार्थी मित्रहो, "पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील!" हा सल्ला तुम्ही घरी ऐकला असेल. माझ्या मते तो अर्धवट आहे, आणि म्हणूनच धोक्याचा आहे.

मोटारसायकल शर्यतीतील स्वार पाहा. कोरड्या, सरळ रस्त्यावर त्याची भिस्त मुख्यतः पुढच्या ब्रेकवर असते. का बरे? ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो. मागचे चाक हलके होऊन चटकन घसरते. पुढच्याची पकड मात्र वाढते. भार सरकायला क्षणभर लागतो, म्हणून तो ब्रेक एकदम आवळत नाही, दाब वाढवत नेतो.

टायरची पकड म्हणजे घरखर्चाची ठरावीक रक्कम. ती वेग कमी करण्यातच संपली, तर वळायला काय उरणार? म्हणून बराचसा वेग वळणाआधीच कमी करावा. शर्यतीत कोरड्या ट्रॅकवर गुळगुळीत टायर चालतो. पावसात पाणी बाहेर काढायला खाचा हव्यातच. झिजलेल्या टायरवर पावसात निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घर्षणांक ०.८ धरला, तर ताशी ३६ कि.मी. वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ६.४ मीटरवर थांबते, ७२ कि.मी. वेगाची २५.५ मीटरवर. वेग दुप्पट, अंतर चौपट!

शिक्षकांना विनंती: घर्षणाचा धडा फळी-ठोकळ्यावर संपवू नका, मैदानात सायकल आणून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायला शिकवा. अठराव्या वर्षी परवाना हाती येईल, तेव्हा हे गणित बोटांत मुरलेले असावे.